पाच कमेंट, चौदा फाइली: रिव्ह्यूच्या कमेंट एआयकडून मिटवताना होणारा नेहमीचा बिघाड

लिहिलेला कोड सहकारी वाचून तपासतो (रिव्ह्यू) आणि जे खटकलं त्यावर कमेंट करतो. त्या कमेंटवरच्या दुरुस्त्या एआय सहायकाकडून करून घेताना जे बिघडतं त्याबद्दल ही पोस्ट. आधी लक्षणं. यातली दोन जुळली तरी तुमचा बिघाड हाच आहे असं धरा.

रिव्ह्यूअरने पाच कमेंट केल्या होत्या, सगळ्या दोन फाइलींवर. तुमच्या नव्या पुशमध्ये (सर्व्हरवर चढवलेल्या बदलांत) चौदा फाइली बदलल्या आहेत.

प्रत्येक कमेंटखाली "केलं" असं उत्तर आहे, पण त्यातल्या एका कमेंटची ओळ होती तशीच आहे.

रिव्ह्यूअरने प्रश्न विचारला होता. उत्तर कुणी दिलंच नाही, ज्या ओळीबद्दल विचारलं ती ओळच उडाली.

दुसऱ्या फेरीतल्या दुरुस्तीने पहिल्या फेरीतली दुरुस्ती पुसली.

टेस्ट (कोड तपासणारे छोटे प्रोग्रॅम) काल लाल म्हणजे नापास होत्या, आज हिरव्या म्हणजे पास आहेत, आणि टेस्टच्या फाइलीही बदललेल्या आहेत.

तिसऱ्या फेरीला तीच कमेंट परत आली, फक्त शब्द कमी झाले: "अजून तेच."

मी इंदूरमध्ये मंडीच्या व्यापाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या टीममध्ये आहे. छावणी आणि लक्ष्मीबाई नगरच्या मंडीतल्या दुकानांत आमचे तोल, पावती आणि बिलाचे प्रोग्रॅम चालतात. आम्ही आठ जण, त्यातले निम्मे घरी मराठी बोलणारे. रिव्ह्यू बहुतेक वेळा दादा करतात, ते आमच्यात वयानेही मोठे आणि कामानेही. वर्षभरापासून वरची लक्षणं घेऊन कुणी ना कुणी माझ्या टेबलाशी येतं आणि म्हणतं, "ताई, जरा बघ ना, दादांनी परत पाठवलं." कुणी एडिटरमधला सहायक वापरतो, कुणी टर्मिनलमधला. बिघाड दोन्हीकडे सारखाच दिसला, म्हणून टूल बदलून बघणं हा उपाय मी इथे घेतलेला नाही.

तपासण्या स्वस्तापासून महागापर्यंत लावल्या आहेत. क्रम मोडू नका. वरच्या दोन-तीन तपासण्यांतच सुटणाऱ्या गोष्टीसाठी लोकांनी अख्खी दुपार घालवलेली मी पाहिली आहे.

काहीही करण्याआधी

सहायकाला "अजून नीट कर" असं सांगू नका. जे बदललंय ते, कितीही वाईट असलं तरी, गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) एका वेगळ्या ब्रँचवर, म्हणजे समांतर प्रतीवर, कमिट (नोंद) करून ठेवा आणि मग मूळ जागी परत या. एक मिनिटाचं काम आहे. बिघडलेल्या बदलांवर दुसरे बदल चढले की कुठली ओळ कुठल्या कमेंटसाठी हलली हे नंतर सांगता येत नाही. नव्या सत्रात सहायकाला विचारलंत तर तो कारण सांगेलही, पण ते कोड बघून लावलेला अंदाज असेल. मागच्या सत्रात काय झालं हे त्याच्यापाशी नसतं.

फाइली मोजा

गिट डिफ (दोन आवृत्त्यांतला फरक दाखवणारी कमांड) चालवा, स्टॅटचा पर्याय लावून. तुलना करा ती रिव्ह्यूअरने शेवटचा पाहिलेल्या कमिटशी, मुख्य ब्रँचशी नाही. दहा सेकंद लागतात. मग कागदावर दोन रकाने: कमेंट ज्या फाइलींवर होत्या त्या, आणि प्रत्यक्षात बदललेल्या. जी फाइल जास्तीची आहे तिच्यासमोर ती कुठल्या कमेंटमुळे बदलली ते लिहा. लिहिता आलं नाही तर ती फाइल गिट रिस्टोअरने, त्याच कमिटमधून घेऊन, पूर्ववत करा, दया दाखवू नका.

हे महत्त्वाचं का, तर दादांनी पाच कमेंट लिहिल्या तेव्हा त्यांनी तेवढा कोड मन लावून वाचला होता. आणखी बारा अनोळखी फाइली आल्या की त्यांना कमेंट मिटल्या का एवढंच बघून भागत नाही, रिव्ह्यू पहिल्यापासून करावा लागतो. सिस्कोमधल्या रिव्ह्यूंवर स्मार्टबेअरने केलेला जुना अभ्यास सांगतो की एका बैठकीत २०० ते ४०० ओळींच्या पुढे गेलं की चुका सापडणं कमी होतं. म्हणजे सहायकाने उत्साहाने केलेली जास्तीची सफाई रिव्ह्यूअरची नजरच बोथट करते, आणि ज्या चुकीसाठी रिव्ह्यू होता तीच सुटून जाते.

जास्तीचे बदल बहुतेक वेळा फॉर्मॅटिंगचे निघतात: इम्पोर्टचा क्रम, कोटाची चिन्हं, रिकाम्या जागा. डिफमध्ये रिकाम्या जागा दुर्लक्षित करणारा पर्याय लावून बघा. चारशे ओळींचा डिफ तीस ओळींवर आला, तर दुखणं सापडलं. फॉर्मॅटिंग हवंच असेल तर त्याचा वेगळा पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) करा.

सहायक कुठली प्रत बघतोय

ब्रँच ताजी आहे का बघा. दादा कधी कधी गिटहबवरच (आमचा कोड आणि रिव्ह्यू असतात त्या वेबसाइटवर) एखादी सुचवलेली ओळ स्वीकारून कमिट करून टाकतात. तुमच्या मशीनवर ते कमिट नसतं. सहायक जुन्या प्रतीवर काम करतो, साधा पुश गिट नाकारतं, आणि मग जबरदस्तीने पुश केलं की ती दुरुस्ती पुसली जाते. "दुसऱ्या फेरीने पहिली फेरी पुसली" या लक्षणामागे मला सगळ्यांत जास्त वेळा हेच सापडलं आहे.

दुसरी गोष्ट, ओळींचे क्रमांक. कमेंट लिहिली तेव्हा ओळ ८७ होती, मधल्या कमिटनंतर ती १०३ झाली. "ओळ ८७ वरची कमेंट सोडव" असं सांगितलंत तर सहायक आजची ८७ वाचतो आणि तिथे काहीतरी शोधतोच. क्रमांक देऊ नका. कमेंटसोबत ती ओळ आणि तिच्या आजूबाजूच्या पाच-सहा ओळी द्या.

कमेंट पूर्ण पोचली का

गिटहबवर पीआरच्या सर्वसाधारण गप्पा एका ठिकाणी साठतात आणि ओळीवर केलेल्या कमेंट दुसऱ्या ठिकाणी. सहायक स्वतः कमेंट ओढत असेल तर त्याला एकच बाजू मिळाली असण्याची शक्यता बरीच. "केलं म्हणतो पण केलं नाही" हे लक्षण असेल तर त्याला विचारा: तुला एकूण किती कमेंट दिसल्या? तुम्ही स्क्रीनवर मोजलेला आकडा आणि त्याचा आकडा जुळला नाही, तर पुढची तपासणी करायची गरजच नाही.

धाग्याचा शेवटही बघा. परवाचं उदाहरण. दादांनी लिहिलं होतं, "हे फंक्शन दोन भागांत कर." खाली आमच्यातल्या एका मुलाने कारण दिलं, आणि दादांनी उत्तर दिलं, "ठीक, राहू दे." सहायकाकडे फक्त पहिलं वाक्य गेलं. त्याने फंक्शनचे दोन भाग केले, आणि दादांना वाटलं की आपलं बोलणं कुणी वाचतच नाही. धागा मिटवलाय की नाही ही खूण गिटहबच्या साध्या रेस्ट उत्तरात येत नाही, ती ग्राफक्यूएलमधून वेगळी मागावी लागते (रेस्ट आणि ग्राफक्यूएल या प्रोग्रॅमने गिटहबकडून माहिती मागण्याच्या दोन पद्धती). मी सरळ हाताने नक्कल करते: मूळ कमेंट, मधली उत्तरं, शेवटचा निर्णय. पाच कमेंटला पाच मिनिटं लागतात, आणि त्या पाच मिनिटांत कमेंट माझ्या डोक्यातूनही जाते.

कमेंट नक्की काय म्हणतेय

इथे थोडं थांबते, कारण बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

आपण कमेंट लिहितो ती माणसाने माणसाशी बोलल्यासारखी. आमच्याकडे तर अर्धी मराठी, अर्धी हिंदी, मध्ये इंग्रजी. सहायकाला तिन्ही भाषा समजतात, शब्दांची अडचण येत नाही. अडचण येते ती बोलण्याच्या रोखाची. दादा लिहितात, "हे असंच ठेवायचंय का?" दिसायला प्रश्न आहे. आमच्यातल्या कुणालाही कळतं की याचा अर्थ "ठेवू नकोस" असा आहे. सहायक मात्र खाली एक परिच्छेद लिहून ते असंच का ठेवावं हे पटवून देतो. उलट, "हा लॉक कशासाठी?" हा खराखुरा प्रश्न असतो, विचारणाऱ्याला खरंच माहीत नसतं. तिथे सहायक लॉक काढून मोकळा होतो. "बघ, जमलं तर" म्हणजे आज नाही केलं तरी चालेल. "भिया (म्हणजे भाऊ), एकदा बघून घे" म्हणजे इथे चूक आहे, मी सगळ्यांसमोर बोलत नाही एवढंच.

हा रोख सहायकाला कुठून कळणार? त्याने दादांसोबत कधी चहा घेतलेला नाही. म्हणून कमेंट त्याच्याकडे जाण्याआधी तुम्ही प्रत्येकीसमोर एक शब्द लिहायचा. मी चार शब्द वापरते: बदल, प्रश्न, ऐच्छिक, मतभेद.

"बदल" असेल तरच ती सहायकाकडे जाते, आणि तीही तुमच्या शब्दांत, काय बदलायचं आणि काय बदलायचं नाही हे दोन्ही सांगून. "प्रश्न" असेल तर उत्तर तुम्ही द्यायचं. उत्तर माहीत नसेल तर सहायकाकडून कोड समजून घ्या, पण त्याला फाइलीला हात लावू देऊ नका. बहुतेक टूलमध्ये फक्त वाचण्याचा किंवा आराखडा करण्याचा मोड असतो, तो लावा. "ऐच्छिक" असेल तर आत्ता करायचं की नंतर हे ठरवून तसं लिहा. "मतभेद" म्हणजे तुम्हाला दादांचं म्हणणं पटलेलं नाही. तेव्हा उठून त्यांच्याकडे जा.

लॉकचा किस्सा पूर्ण सांगते, कारण त्याच्यामुळेच मी हे चार शब्द लिहायला लागले. बिलाचा क्रमांक देणाऱ्या फंक्शनमध्ये आम्ही डेटाबेसच्या एका ओळीवर लॉक (एका वेळी एकालाच बदल करू देणारं कुलूप) घेतो, शेवटचा क्रमांक वाचतो, एक वाढवतो, लिहितो. पीआरमध्ये बाहेरून नव्याने आलेल्या रिव्ह्यूअरने विचारलं, "लॉक कशाला, सिक्वेन्स का नाही?" आमच्या मुलाने ही कमेंट इतर सहा कमेंटसोबत सहायकाला चिकटवली. सहायकाने लॉक काढला आणि पोस्टग्रेस डेटाबेसचा सिक्वेन्स (आपोआप पुढचा क्रमांक देणारी सोय) लावला. कोड सुटसुटीत झाला, वेगही वाढला, टेस्ट हिरव्या. सिक्वेन्स ज्या कामासाठी असतो त्या कामासाठी तो बिनचूक आहे.

पण सिक्वेन्सने एकदा दिलेला क्रमांक व्यवहार रद्द झाला तरी परत येत नाही, मध्ये भोक पडतं. आणि जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलाचा क्रमांक सलग हवा, जास्तीत जास्त सोळा अक्षरांचा, आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. लॉक होता तो यासाठी. हे कारण कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते दादांच्या डोक्यात होतं आणि व्यापाऱ्याच्या मुनीमाच्या डोक्यात होतं. सहायक कितीही हुशार असो, जे कुठेच लिहिलेलं नाही ते तो वाचणार कसं? खरी दुरुस्ती होती लॉकच्या वर दोन ओळींची टीप आणि रिव्ह्यूअरला एक वाक्याचं उत्तर. हे मर्जच्या (मुख्य कोडमध्ये मिसळण्याच्या) आधी सापडलं हे आमचं नशीब. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची आवक सुरू झाल्यावर सापडलं असतं तर मुनीमजींना एक-एक बिल जुळवत बसावं लागलं असतं.

दुसरा किस्सा उलट्या बाजूचा. कमेंट होती, "रकमेला फ्लोट नको." ही स्पष्ट "बदल" या प्रकारची, आणि बरोबरही. बायनरी फ्लोटमध्ये (दशांश संख्या अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) १.१५ ला १०० ने गुणलं की ११४.९९९९९९९९९९९९९९ येतं, त्याचा पूर्णांक घेतला तर एक पैसा गेला. सहायकाने रकमा पूर्णांक पैशांत नेल्या, छान केलं. पण त्याच झपाट्यात धरमकाट्यावरून (गाड्या तोलणाऱ्या वजनकाट्यावरून) येणारं क्विंटलमधलं वजनही त्याने शंभरने गुणून पूर्णांक केलं. काट्याकडून वजन तीन दशांश स्थळांपर्यंत येतं. शेवटचं स्थळ कापलं गेलं. कमेंटमध्ये "रकमेला" हा शब्द होता, पण सूचना देणाऱ्याने लिहिलं होतं, "फ्लोट काढून टाक." एक शब्द गळला आणि चूक वजनात शिरली. म्हणून म्हणते, काय बदलायचं नाही तेही लिहा: "वजनाला हात लावू नकोस."

एका कमेंटला एक कमिट

सगळ्या कमेंट एकदम दिल्या की सहायक एकमेकांत गुंतलेला एकच मोठा बदल करतो. एक-एक द्या. प्रत्येकीनंतर डिफ वाचा, कमिट करा, मग पुढची. वेळ जास्त लागतो असं वाटतं, पण तिसरी फेरी वाचते तेव्हा हिशोब जुळतो. गिटमध्ये फिक्सअप कमिटची सोय आहे: दुरुस्ती कुठल्या मूळ कमिटची आहे ते सांगून ठेवायचं, आणि मर्जच्या आधी ऑटोस्क्वॉशने सगळं आपापल्या जागी बसवायचं. रिव्ह्यू चालू असताना मात्र रिबेस करून (जुने कमिट नव्याने रचून) जबरदस्तीने पुश करू नका. रिव्ह्यूअरला "मागच्या वेळेनंतर काय बदललं" एवढंच बघायचं असतं, आणि नेमकी तीच सोय त्याच्या हातून जाते.

कमेंटखालचं उत्तर स्वतः लिहा. दोन ओळी पुरेत: काय केलं, कुठल्या कमिटमध्ये. सहायकाने लिहिलेलं दहा ओळींचं आभारयुक्त उत्तर वाचायला रिव्ह्यूअरला वेळ नसतो, आणि त्यात "केलं" असं लिहिलेलं असलं तरी ते कुणी पडताळलेलं नसतं.

टेस्ट खरंच हिरव्या आहेत का

इथून तपासण्या महाग होतात, अर्धा तास धरा.

टेस्टच्या फाइलींचा डिफ वेगळा काढा आणि ओळ न ओळ वाचा. मी काय शोधते ते सांगते. एखादं असर्ट (अपेक्षित उत्तर तपासणारी ओळ) गेलंय का. एखादी टेस्ट स्किप केली आहे का. "बरोबर इतकं" होतं तिथे "जवळपास इतकं" झालंय का. ज्या फंक्शनची परीक्षा घ्यायची त्याच फंक्शनच्या जागी मॉक (खोटी नक्कल) बसवलाय का. मध्येच दोन सेकंद थांबण्याची ओळ आली आहे का. आणि मूळ कोडमध्ये सगळे अपवाद गिळणारा एखादा ट्राय-कॅच तर आला नाही ना. यातलं काही सापडलं म्हणजे टेस्ट हिरवी झाली ती कोड सुधारला म्हणून नव्हे, तर प्रश्नपत्रिकाच सोपी केली म्हणून.

मग उलटी परीक्षा. नवीन टेस्ट ठेवा, मूळ कोड जुना परत आणा, आणि टेस्ट चालवा. ती लाल झालीच पाहिजे. जुन्या, चुकीच्या कोडवरही ती हिरवी राहिली, तर ती टेस्ट काहीच तपासत नाही. ही एक सवय लागली तर या पोस्टमधलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

सहायकाला सांगताना मी "टेस्ट पास कर" असं कधीच म्हणत नाही. म्हणते, "टेस्टच्या फाइली बदलू नकोस. टेस्ट चुकीची वाटली तर थांब आणि मला सांग."

सत्र फार लांबलंय का

सकाळपासून एकाच संवादात काम चाललं असेल तर दुपारी सहायक सकाळचे नियम मोडायला लागतो. त्याच्या एका वेळच्या वाचनाला मर्यादा असते. ती भरत आली की काही टूल जुना भाग आपोआप आटवून सारांश करतात, आणि सारांशात "वजनाला हात लावू नकोस" हे वाक्य राहीलच असं नाही. फसलेले प्रयत्नही त्याच संवादात पडून असतात आणि त्याला परत तिकडेच ओढतात. उपाय साधा आहे. नवीन सत्र, एक कमेंट, लागतील तेवढ्याच फाइली.

जे नियम रोजचे आहेत ते संवादात सांगत बसू नका, रेपोमधल्या (प्रोजेक्टचा सगळा कोड असतो त्या जागेतल्या) नियमांच्या फाइलीत लिहा. एजंट्स डॉट एमडी ही फाइल बरीच टूल वाचतात. क्लॉड कोडची क्लॉड डॉट एमडी, कोपायलटची गिटहब फोल्डरमधली वेगळी सूचना-फाइल. आमची फाइल पंचवीस ओळींची आहे. दादांनी एकच गोष्ट तीनदा सांगितली की ती तिथे जाते: रकमा पूर्णांक पैशांत, बिल क्रमांकाचा लॉक काढायचा नाही, का तेही सोबत. लांबवू नका. शंभर नियमांच्या फाइलीत महत्त्वाचा नियम हरवतो.

न मागता आलेलं पॅकेज

डिफमध्ये लॉकफाइल (पॅकेजच्या, म्हणजे बाहेरून घेतलेल्या तयार कोडच्या, नेमक्या आवृत्त्यांची नोंद) किंवा पॅकेजची यादी बदलली असेल तर थांबा. सहायक कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव लिहितो, आणि अशी नावं आधीच नोंदवून त्यात कुणीही घातक कोड ठेवू शकतो. एनपीएम किंवा पायपीआयवर (पॅकेजच्या सार्वजनिक भांडारांवर) जाऊन ते पॅकेज कुणाचं, कधीपासूनचं, मूळ कोड कुठे आहे, हे बघितल्याशिवाय इन्स्टॉल करू नका. रिव्ह्यूच्या कमेंटसाठी नवीन पॅकेज लागणं तसंही विरळच.

रेपो सार्वजनिक असेल तर आणखी एक. कमेंट कुणीही लिहू शकतो, आणि कमेंटच्या मजकुरात सहायकासाठी सूचना दडवता येते. कमांड चालवायची मोकळीक दिलेल्या सहायकाला अनोळखी माणसाच्या कमेंट थेट वाचायला लावू नका.

दोन रिव्ह्यूअर, दोन दिशा

एक म्हणतो फंक्शन फोडा, दुसरा म्हणतो एकत्र ठेवा. दोन्ही कमेंट सहायकाला दिल्या की तो दोघांना अर्धं-अर्धं खूश करणारं काहीतरी तयार करतो आणि दोघंही परत पाठवतात. हा बिघाड कोडमध्ये नाहीच. धाग्यात दोघांना बोलवा, दोन्ही कमेंट एकाखाली एक ठेवा, निर्णय मागा. निर्णय होईपर्यंत कोडला हात नाही.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

तीच कमेंट तिसऱ्यांदा आली तर थांबा. चौथा प्रयत्न सहायकाबरोबर करू नका. लॅपटॉप उचला, रिव्ह्यूअरच्या शेजारी खुर्ची ओढून बसा. तो दुसऱ्या गावी असेल तर फोन लावा. तिसऱ्यांदा आलेली कमेंट त्या ओळीबद्दल नसते, रचनेबद्दल असते, आणि रचना बदलायची की नाही हे एका ओळीखाली लिहून ठरत नाही. आमच्याकडे अशा बैठका वीस मिनिटांत संपतात. दादा कागदावर दोन चौकोन आणि एक बाण काढतात, आणि मुलगा म्हणतो, "हे म्हणत होतात होय."

लॉगिन, परवानग्या, एन्क्रिप्शन, पैसे वळते करणं, किंवा चालू डेटाबेसवरचं मायग्रेशन (डेटाच्या रचनेतला बदल) यावर कमेंट असेल तर सहायकाचा बदल त्या कामाच्या जाणकाराने पाहिल्याशिवाय पुढे नेऊ नका, तो तुम्हाला बरोबर वाटला तरीही. मायग्रेशन तर आधी डेटाच्या नकलेवर चालवा, आणि परत फिरण्याची वाट लिहून ठेवा.

पासवर्ड किंवा किल्ली चुकून कमिट झाल्याची कमेंट असेल, तर सहायकाकडून ती ओळ काढून घेणं हा उपाय नाही. इतिहासात ती राहतेच. आधी ज्याच्याकडे सर्व्हरचा ताबा आहे त्याला सांगून ती किल्ली रद्द करून नवीन घ्या, मग बाकीचं. लाज वाटून हे लपवू नका. आमच्याकडे ज्या मुलीने लगेच येऊन सांगितलं तिचं काम अर्ध्या तासात मिटलं आणि तिला कुणी एक शब्द बोललं नाही.

ग्राहकाचा खरा डेटा, म्हणजे नावं, फोन, खाते क्रमांक, टेस्टच्या नमुन्यांत असेल आणि सहायक बाहेरच्या सर्व्हरवर चालत असेल, तर काम तिथेच थांबवून वरिष्ठांना विचारा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर हा विषय आपल्या एकट्याच्या अखत्यारीतला राहिलेला नाही.

आणि एक खूण, जी मी पुश करण्याआधी स्वतःलाही लावते. बदललेली प्रत्येक ओळ का बदलली हे शेजारच्या माणसाला मराठीत, कोड न दाखवता, सांगून बघायचं. जी ओळ सांगता येत नाही ती पुश करायची नाही. त्या ओळीसाठी दादांना बोलवायचं.